बबनचा पाचवा फाउल

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळण्याचीच सवय होऊन गेली. बायकोला सांगितलं नाही, ती गेली. भावाला सांगितलं नाही — आणि त्याला तर सांगायलाच हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. का हेही एक टाळणंच? असेल.

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची बाद फेरी सुरू झाली, की केडगावच्या आमच्या घरात सगळ्यांत आधी मी उठतो. तिकडं रात्र, इकडं सकाळ. गच्चीवर ऊन चढायच्या आत मोबाईल घेऊन बसतो. सून खालून ओरडते, "अण्णा, चहाचं सरबत झालं! ते अमेरिकेवाले काय तुमच्यावाचून अडलेत का?" मी हसतो. बातम्या वाचतो — कोणाचा गुडघा दुखावला, कोणता संघ घरी गेला. मग सामन्याचा तक्ता उघडतो. लोक त्यात गुण बघतात, रिबाउंड बघतात. मी ते सगळं बोटानं बाजूला सारतो आणि फाउलच्या रकान्यावर येतो. त्यांच्याकडं सहाव्या फाउलला खेळाडू बाद होतो, आपल्याकडं पाचव्या. एखाद्या नावापुढं सहा दिसले की माझं बोट तिथंच राहतं. खरंच सहा होते? कुणी मोजले? मोजणाऱ्याचं कोण होतं त्या मैदानावर?

कारण मोजणारा मी होतो.

पेशानं गणिताचा मास्तर. पण नगरला बास्केटबॉलचा कुठलाही सामना असला की टेबलावर मी. काम साधं असतं. पंच शिट्टी मारतो, टेबलाकडं वळतो, फाउल करणाऱ्याचा नंबर बोटांनी दाखवतो. टेबलावरच्या माणसानं तो फाउल त्या खेळाडूवर धरायचा आणि त्याचे किती झाले, त्या आकड्याची पाटी वर करायची. चारपर्यंतच्या पाट्या पांढऱ्या. पाचाची लाल. लाल पाटी वर गेली की खेळाडूनं मुकाट्यानं बाहेर जायचं. माझ्या पाटीवर कधी कुणी वाद घातला नाही. मास्तरांची पाटी म्हणजे दगडावरची रेघ, असं म्हणायचे. मला ते आवडायचं — कुणाला आवडणार नाही?

आता बबन. त्याचे आईबाप पाथर्डीकडून ऊसतोडीला काष्टीच्या बाजूला आले आणि तिथंच राहिले. पोरगा शिकायला नगरला, माझ्या शाळेत. ताडमाड उंच, आणि चेंडू हातात आला की पाण्यासारखा वाहायचा. कॉलेजात गेल्यावर शहराच्या संघात आला. चौदा नंबर. त्याच संघात माझा धाकटा भाऊ अरुण. दोघांची जागा एकच, त्यामुळं बबन मैदानात आणि अरुण बाकावर. बबन त्याला छेडायचा, "अरुणशेठ, बाकडं तापलं का न्हाई? तापलं की हाळी द्या, मी येतो बसाया!" अरुण मनापासून हसायचा. मी हसायचो नाही.

त्या वर्षी बाद फेरीचे सामने नगरलाच होते. एका सरकारी कंपनीची माणसं बघायला आली होती. त्यांच्या संघाला एक उंच खेळाडू हवा होता. एकच. खेळाच्या कोट्यातली कायमची नोकरी. आमचे वडील नुकतेच गेले होते आणि अरुण दुसऱ्यांदा नापास झाला होता. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या संध्याकाळी मैदानावर काय काय होतं, ते सांगतोय.

सामना संपत आलेला. गुण बरोबरीत. बबनचे चार फाउल झालेले. आमच्या रिंगखाली समोरचा खेळाडू उडाला, त्याला अडवायला बबन आणि आमचा कप्तान एकदमच उडाले. शिट्टी. पंच टेबलाकडं वळला. एका हातात चेंडू, दुसऱ्या हाताची चार बोटं वर.

इथं नीट ऐका. आमचा कप्तान चार नंबर. चार दाखवायला चार बोटं. चौदा दाखवायला एका हाताची मूठ आणि दुसऱ्याची चार बोटं. पंचाच्या एका हातात चेंडू — मूठ दाखवता आली नसेल, असं म्हणायची सोय होती. शंका आली तर खेळ थांबवून पंचाला विचारायचं, हा टेबलाचा पहिला धडा. कितीतरी जणांना मीच शिकवलेला. पण मला शंका आलीच नव्हती. कप्तानाचं कोपर लागलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. पंचाचे ओठही "चार" म्हणाले होते.

मी लाल पाटी उचलली.

पंच क्षणभर थबकला. "चौदा?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "चौदा. पाच झाले." त्यानं माझ्याकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं — आणि मान हलवली. दगडावरची रेघ ना! कप्तानानं खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याला माहीत होतं. तोही बोलला नाही, पण त्याचा हिशेब त्याच्याकडं.

बबन टेबलाशी आला. घामानं निथळत. "मास्तर, चारच हायत माजे. मी मोजीत हुतो."

"पाच," मी म्हणालो. मान वर न करता.

मागून पोरं ओरडली, "ओ मास्तर, डुलकी लागली हुती का?" तर बबनच त्यांच्यावर उखडला. "ए, गप बसा! मास्तर खोटं करायचे न्हाईत. मीच चुकलो आसंन." मग अरुणच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा रं शेठ. बाकडं मी तापवतो."

अरुणनं शेवटी दोन बास्केट केले. चांगले केले, ते मी नाकारत नाही. सामना आम्ही जिंकलो. नोकरी अरुणला मिळाली. आज तो पुण्यात आहे, निवृत्त झालाय, नातवंडांत रमलाय. त्याला यातलं काही माहीत नाही.

बबन काष्टीला परतला. टेम्पो चालवू लागला. गावाबाहेर एक खांब रोवून, त्याला वेल्डिंगनं रिंग मारून पोरांना खेळ शिकवू लागला. मी कधीतरी सांगेन, असं दरवर्षी म्हणायचो. मग त्यानं गावात स्पर्धा भरवली आणि पाहुणा म्हणून मलाच बोलावलं. शाल, नारळ. माइक हातात घेऊन म्हणाला, "पोरांनो, ह्ये माझे मास्तर. मी एकदा माझे फाउल मोजायला चुकलो, तर ह्यांनी भर सामन्यात मला भाईर काढला. हाताखालचा पोरगा, पर सोडलं न्हाई! टेबलावर आसा माणूस पायजे." टाळ्या झाल्या. मी शाल सारखी केली.

पण ते काहीच नव्हतं. खरं पुढं होतं. सामना सुरू झाला आणि मला दिसलं, की बबनची पोरं फाउल झाला की स्वतःच हात वर करतात आणि आपला आकडा मोठ्यानं ओरडतात. "दोन!" "तीन!" असं दुसऱ्या कुठल्या गावात मी पाहिलं नाही. बबन माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मीच लावलीय सवय. आपलं आपुन मोजावं, मास्तर. माझ्यावानी हुया नगं." माझ्या खोट्यावर त्यानं एक अख्खं मैदान उभं केलं होतं. चिल्लीपिल्ली तिथं माझं खोटं ओरडत होती. अजून ओरडतात. गच्चीवर तो रकाना उघडला की मला ऐकू येतात.

गेल्या उन्हाळ्यात तो आजारी असल्याचं कळलं. मी काष्टीला गेलो — सांगायलाच गेलो. तो खाटेवर पडून मोबाईलवर बाद फेरीचाच सामना बघत होता. तेवढ्यात एक धिप्पाड खेळाडू सहाव्या फाउलवर बाद झाला. डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसला आणि कॅमेरा त्याच्यावरून हलेना. पंचांनी पडद्यावर तो प्रसंग पुन्हा पाहिला, मागून, पुढून, हळू करून. बबन म्हणाला, "बघा मास्तर, येवढा मोठा गडी, पर मोजायला चुकला. माझ्यावानीच." आणि हसला. त्या हसण्यात कसलंच विष नव्हतं. थोडं असतं, तर कदाचित मला बोलता आलं असतं.

मी म्हणालो, "ऊन लई झालंय. निघतो."

"आवं, चहा तरी घ्या."

मी चहा घेतला. बशीत ओतून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. दिवाळीच्या आधी तो गेला.

यंदाची बाद फेरी सुरू आहे. आज सकाळीही तक्ता उघडला होता. हे छापून आलं की अरुणही वाचेल. वाचू दे. त्या दिवशी चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर जे जिभेवर येत होतं आणि मी गिळत होतो, ते फार मोठं नव्हतं —

बबन, तू मोजायला चुकला नव्हतास. तुझे चारच होते.