अंगठी काढा, मग आत या

आमच्या लेसरच्या खोलीत शिरण्याआधी घड्याळ, अंगठी, बांगड्या, सगळं काढून दाराशी ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात टाकावं लागे. प्रयोगशाळेच्या प्रमुख शैला मॅडम आधी स्वतःचं मंगळसूत्र काढायच्या आणि मग आमच्या हातांकडे बघत उभ्या राहायच्या. केसाच्या हजाराव्या भागाएवढा सोन्याचा कण प्रकाशाच्या झटक्याने कसा थरथरतो, याची चित्रं आम्ही जबलपूरला बसून टिपत होतो. "सोनं पाहायचं न? मग अंगावरचं सोनं बाहेर," असं त्या म्हणायच्या. तो लेसर दिसत नसे, पण चकचकीत धातूवरून उडालेला त्याचा किरण पापणी मिटायच्या आत डोळा जाळू शकतो.

लग्न होऊन मी जबलपूरमधल्याच विजय नगरात राहायला गेले, तेव्हा सासूबाईंनी बजावलं, गळा मोकळा ठेवायचा नाही. मी रडकुंडीला येऊन मॅडमना सांगितलं.

"काहून रडून राहिली? सासूबाईंना सांग, मंगळसूत्र डब्यात आहे, कुठं पळून नाही गेलं. डोळा गेला तर नवऱ्याचं तोंड कशानं पाहशील? आता ते रोज पाहण्यासारखं आहे का, ते तू ठरव."

शेवटचं वाक्य गाळून मी घरी निरोप पोचवला.

मग सरकारची तपासणी समिती आली. एवढं महागडं यंत्र जबलपूरला ठेवायचं की एखाद्या मोठ्या शहरात हलवायचं, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. बाकीच्यांनी मुकाट्याने घड्याळं काढली. अध्यक्षांच्या बोटात पुष्कराजाची अंगठी होती. डबा पाहून ते हसले.

"ये गुरुजी ने पहनाई है मैडम, नहीं उतरेगी."

"तो आप बाहर बैठिए, सर. चाय भिजवाती हूँ."

आमच्या संचालकांना घाम फुटला. ते मॅडमच्या कानाशी लागले, "अहो, आजचा दिवस चालवून घ्या ना!"

"डोळ्याला आजचा दिवस कळत नाही, सर," मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

अध्यक्ष चहा न घेताच निघून गेले. यंत्र हलवण्याचा हुकूम आला.

खोके ट्रकवर चढत होते तेव्हा मला मॅडमचा भयंकर राग आला होता. माझं संशोधन अर्ध्यावर लटकलं होतं. एका अंगठीपायी हे सगळं घालवलं, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं.

"जाऊन राहिली मशीन, जाऊ दे," त्या म्हणाल्या. "दुसरी आणू. नाही मिळाली तर नाही. डोळा आणता येतो का कुठून?"

दुसरं यंत्र कधीच आलं नाही. मॅडमनी त्या निर्णयाबद्दल कोणाची माफी मागितली नाही, आणि आज त्यांच्या वतीने मीही मागणार नाही.

त्या गेल्या तेव्हा अंत्यसंस्काराला नर्मदेकाठच्या ग्वारीघाटावर त्यांचे जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. बहुतेक सगळे अजून लेसरवरच काम करतात. मी एकेकाच्या डोळ्यांकडे पाहिलं. सगळे शाबूत होते, आणि सगळे वाहत होते.