कासऱ्याचे हात

आमच्या घरी जीप आली ती लष्करानं मोडीत काढलेली. वडिलांनी ती लिलावातून आणली तेव्हा पौडच्या पलीकडे, आमच्या बाजूला, एसटी आणि दगडाच्या लॉऱ्या सोडल्या तर रस्त्यावर पळणारं सगळं बैलांच्या जोरावर पळत होतं. मी नुकता विशीत शिरलेला. छकडं हाकण्यात आपला हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, अशी माझी ठाम समजूत. जीप म्हणजे तरी काय, बिनबैलांची गाडी. चार दिवसांत येईल.

वडिलांना हौस दांडगी, पण चालवता येत नव्हती. ती येत होती मामाला. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. लढाईच्या काळात तो लष्करात ड्रायव्हर होता आणि आता आईच्या माहेरी, भूगावला, शेती बघत होता. बोलावणं गेलं तसा तो आला, जीपभोवती एक फेरी मारली, आणि मी आधीच चाकामागे ऐटीत बसलोय हे बघून म्हणाला, "उतर खाली. मालक व्हायचंय का शिकायचंय?"

आईनं त्याच दिवशी चुलीपुढून आम्हा दोघांनाही ऐकवलं. "शिकवायचं तर पुरतं शिकव. न्हाईतर त्याला हात लावू देऊ नगं. आन् तू 'बस' म्हनशील तवाच मी ह्यात बसंन. तवर न्हाई."

यामागं काय आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईचा सर्वांत धाकटा भाऊ पिरंगुटच्या घाटात गेला होता. मिसरूड फुटलेलं, लग्न व्हायचं होतं. दगडाच्या लॉरीवर लागला, मालकानं थोडे दिवस शेजारी बसवलं आणि दिलं चाक हातात. शिकवलं असं कुणीच नाही. उताराला इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायची तेव्हा सगळ्यांनाच सवय होती, तेल वाचतं म्हणून. त्यानंही तेच केलं. तेव्हापासून आई माहेरी जायची ती एसटीत अगदी पुढं बसून, ड्रायव्हरच्या हातांवर नजर रोखून. घाटात तिची पापणी लवत नसे. मध्येच "सावकाश रं बाबा" म्हणायची. आमच्या रस्त्यावरचे ड्रायव्हर तिला ओळखायला लागले होते.

माझं शिक्षण गावामागच्या माळावर सुरू झालं. पहिल्याच दिवशी, गाडी जरा बरी चाललीय असं वाटत असताना, एक वासरू आडवं आलं. मी दोन्ही हातांनी चाक छातीशी ओढलं आणि ओरडलो, "हो हो हो!" बैल असते तर थांबले असते. जीप कशाला थांबते? वासराला चुकवून ती भाताच्या बांधावर चढली आणि आचका देऊन बंद पडली. वासरू शेपूट वर करून पळालं. मला हसू आवरेना.

मामा हसला नाही. तो खाली उतरून बांधावर बसला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"धाकट्याच्या शेजारी हमाल बसला हुता, त्यो वाचला," तो म्हणाला. "त्यानं सांगितलं मला. गाडी सुटली तवा आपला पोरगा चाक छातीशी वढीत हुता. पाय मातर तसाच मोकळा."

आम्ही सगळी कासरा धरून वाढलेली पोरं. चालायला लागल्यापासून हाताला एकच ठाऊक, थांबवायचं म्हणजे ओढायचं. माणूस घाबरला की हात जे जुनं शिकलेत तेच करतात. माझ्या धाकट्या मामानं ते केलं, मीही तेच केलं. फरक एवढाच की माझ्यापुढे माळ होता.

त्या दिवसापासून मामानं मला पिळून काढलं. जीप बंद, जागच्या जागी उभी, मी चाकामागे. तो शेजारी बसून पेरणीपाण्याच्या गप्पा मारायचा आणि मध्येच एकदम टाळी वाजवायचा. टाळीसरशी पाय ब्रेकवर गेला पाहिजे आणि हात जागचे हलता कामा नयेत. हलले की पुन्हा. दिवसचे दिवस हेच. येणारेजाणारे थांबून बघायचे, "गाडी कुटवर आली रं?" म्हणून चेष्टा करायचे. वरून मामानं फर्मान काढलं की मी वर्षभर बैलगाडी हाकायची नाही, कासऱ्याला हातसुद्धा लावायचा नाही. भात गिरणीवर न्यायला गडी धरावा लागला तेव्हा वडील पुटपुटले, पण आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मजुरी मोजून दिली.

मग घाट. तो त्यानं मला आधी पायी उतरायला लावला. कुठल्या वळणावर पुढचं दिसत नाही, कुठं झिरपतं पाणी आणि शेवाळ धरतं, गुरं कुठून रस्त्यावर येतात, हे सगळं चालत दाखवलं. उताराला इंजिन बंद करायचं नाही आणि गाडी गिअरमधून काढायची नाही, हे तर त्यानं इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेत बडबडायचो. पुण्याहून लायसन्स आलं तेव्हा मी घरभर नाचवलं. मामा म्हणाला, "सरकारला पटलं व्हय? बरं झालं." आणि आई काही बसली नाही. ती एसटीनंच जात राहिली.

मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? आता भूगावात पोरं शेंबूड पुसायच्या आधी मोटारसायकलवर बसतात, आणि आईबापच कौतुकानं बघतात. मी नातवंडांना टाळ्या वाजवून शिकवलं. ती हसली, पण शिकली. जे उपकार माझ्यावर झाले ते मी दुसऱ्या कशानं फेडणार?

लायसन्स आल्यानंतरच्या वैशाखात आईच्या माहेरी लग्न होतं. आदल्या दिवशी मामा आमच्याकडे आला, मला घाटातून जीप एकदा वर-खाली चालवायला लावली, आणि घरी येऊन आईला एवढंच म्हणाला, "आक्का, बस आता."

जाताना ती शेजारी बसली ती समोरच्या गजाला दोन्ही हातांनी धरून. मामा मागं. वाटेत म्हशींचा तांडा झुडपातून एकदम रस्त्यावर आला. माझा पाय गेला, गाडी थांबली. म्हशी आपल्या डौलात पार झाल्या. आई म्हशींकडे बघतच नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती. हात चाकावर जागच्या जागी होते. गजावरचा एक हात काढून तिनं पदर सारखा केला.

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि उन्हं कलताना आम्ही परत निघालो. घाटाचा उतार लागला तशी मी गाडी खालच्या गिअरला टाकली. इंजिन घुमत होतं, गाडी संथ उतरत होती. सगळं लक्ष रस्त्यावर, त्यामुळे मला कळलंच नाही. तळाशी, पिरंगुट आल्यावर खांद्याला काहीतरी जड लागलं. आईचं डोकं होतं. तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेली.

मी आणखी हळू झालो. पौड गेलं. आमच्या गावचा फाटा आला तसा मी वळवायला लागलो, तर मागून मामाचा हात माझ्या पाठीवर आला.

"वळवू नगं," तो हलक्या आवाजात म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "सरळ धरणापत्तुर जाऊन येऊ. झोपू दे तिला."