पितळी होल्डर

माझा भाऊ राजाराम वायरमन झाला तो आमच्या वडिलांच्या हट्टापायी. वडील गिरणीत रिंग खात्यात होते. कापड विणायच्या साचेखात्यात पगार बरा, पण तिथं आमच्या लोकांना घेत नसत. धोट्यात धागा ओवताना तो तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. वडील म्हणायचे, "राजा, तू विजेचं काम शीक. विजेच्या तारेला कुणी तोंड लावत नाही." हा त्यांचा विनोद. घरात दुसरा विनोद नव्हता, म्हणून आम्ही दर वेळी हसायचो.

लालबागचे बाबुराव मिस्त्री वायरिंगची कंत्राटं घेत. दादा त्यांच्या हाताखाली लागला. पहिले कित्येक महिने नुसती शिडी वाहायची आणि भिंतीत भोकं पाडून लाकडी गिट्ट्या ठोकायच्या. मग वायरीखालच्या लाकडी पट्ट्या मारणं आलं, मग वायर ओढणं, आणि फार उशिरा कधीतरी जोडणी. बाबुराव तोंडाचे फटकळ, पण शिकवताना हातचं राखत नसत. परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर त्यांची सही लागायची, की हा माणूस माझ्या हाताखाली नीट काम शिकला आहे. त्या सहीवर आमच्या घराचं सगळं अडलं होतं.

सगळं म्हणण्याचं कारण, छप्पन्नच्या जानेवारीत वडील गेले. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटलेली. ते रॉकेल आणायला खाली उतरले आणि नाक्यावरच्या गोळीबारात सापडले. आमच्या खोलीत वीज नव्हती आणि बाटलीत रॉकेलचा थेंब नव्हता, एवढीच गोष्ट. पुढं लोक त्यांना हुतात्मा म्हणू लागले, तेव्हा आई नुसती बघत राहायची.

दादाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. विधी आटोपल्यावर तो कामावर गेला. संध्याकाळी आला, जेवला, झोपला. भाजीत मीठ नसलं तरी खायचा, दुप्पट पडलं तरी खायचा. वर्षअखेरीला आम्ही देव्हारा उतरवला आणि बौद्ध झालो. चाळभर लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, मी तर हुंदके देत होते. दादा म्हणाला, "बरं झालं." आणि देव्हाऱ्याचा खिळा भिंतीतून उपटून काढला, भोक राहू नये म्हणून चुना भरला. मला त्याचा राग यायचा. माणूस आहे की खांब, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायची.

पुढं ठाकूरद्वारच्या एका वाडीत काम निघालं. बिऱ्हाड शरच्चंद्र नावाच्या कारकुनाचं. घरात त्यांची बायको सुनेत्रा आणि आई राधाबाई. पुढचं मला बाबुरावांनी सांगितलं, कारण दादा सांगणाऱ्यातला नव्हताच.

शरच्चंद्र संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चाला जाणारे. आमचे वडील गोळीबारात गेले हे बाबुरावांकडून कळलं तेव्हा त्यांनी दादाला हात जोडले. "तुम्ही हुतात्म्याच्या घरचे. आज मराठी माणूस सगळा एक झालाय." त्यांनी हे मनापासून म्हटलं, यात मला शंका नाही. दादाला चहा मात्र कान तुटलेल्या कपात आला, आणि तो कप त्यानं स्वतः विसळून खिडकीत उपडा घातला. मोर्चात खांद्याला खांदा लागतो तो तिथंच राहतो, घरी कुणी आणत नाही.

राधाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तू कोणाचा रे?" दादानं जात सरळ सांगितली. म्हातारी काही बोलली नाही. स्वयंपाकघरात दिवा तर तिलाही हवा होता, चुलीच्या धुरात तिला दिसेनासं झालं होतं. दादानं स्वयंपाकघर पुरं केलं, ओट्यावर टांगता दिवा सोडला, पेटवून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी तो बाहेरच्या खोलीत काम करू लागला.

दुपारी आतून चमत्कारिक आवाज आला. किंचाळीसुद्धा नव्हे, घशातल्या घशात कोंडल्यासारखा. दादा धावला. सुनेत्राबाई ओट्यापाशी उभ्या, हात वर, मुठीत पितळी होल्डर. दिवा लागेना म्हणून त्यांनी बल्ब हलवायला होल्डर धरला आणि हात तिथंच चिकटला. पायाखाली फरशी ओली. मेन स्विच खाली जिन्यात. तिथवर जाऊन येईतो बाई उरल्या नसत्या. भिंतीला जेवणाचे पाट उभे केले होते. दादानं एक पाट उचलला आणि त्यांच्या मनगटावर हाणला. होल्डर सुटला, बाई खाली कोसळल्या. दादा खाली जाऊन फ्यूज काढून आला आणि दाराबाहेर उभा राहिला.

त्या वाचल्या. मनगट काळंनिळं झालं, एवढंच.

संध्याकाळी शरच्चंद्र आले, बाबुरावांनाही बोलावणं गेलं. शरच्चंद्र बाबुरावांवर ओरडले. "शिकाऊ माणसाच्या हाती काम देता? माझी बायको मेली असती!" बाबुरावांनी होल्डर उघडला. आत पाणी. त्यांनी दादाकडे पाहिलं. "राजा, ओल्या हातानं जोडलास?"

दादा गप्प. आत पाणी कसं गेलं हे त्याच्या ध्यानात आलं होतं, कारण होल्डर लखलखत होता. पण ते बोलायचं कसं? बाबुराव मला म्हणाले, "पोरी, मी तेव्हा मनात ठरवून टाकलं होतं, याला सही द्यायची नाही. नुसता उभा! आपल्यासाठी एक शब्द बोलेना!"

तेवढ्यात राधाबाई म्हणाल्या, "त्याला कशाला विचारता? मी घासला तो. चिंच लावून चांगला घासला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. त्याचा हात लागला होता ना! तसाच कसा ठेवायचा ओट्यावर?"

शरच्चंद्रांची मान खाली गेली. म्हातारीला वाटलं आपण पोराची बाजू घेतोय, म्हणून ती आणखी कौतुकानं म्हणाली, "पण पोर गुणाचं हो. एवढं झालं तरी सूनबाईला हात लावला नाही त्यानं. पाटानं सोडवलं. रीत कळते त्याला."

बाबुरावांनी दुसऱ्या दिवशी सही दिली. दादा घरी आला, जेवायला बसला. बाबुरावांकडून ऐकून मी नुसती पेटले होते. "तू बोलला का नाहीस? तोंडावर सांगायचं ना, की बाई, हात लावला असता तर मीही चिकटलो असतो! वीज माझ्यातनंही गेली असती म्हणून पाट घेतला, तुझ्या सोवळ्यासाठी नाही!"

"सही मिळाली ना," दादा म्हणाला. "आमटी वाढ."

"तुला काहीच वाटलं नाही?"

त्यानं खरंच विचार केला. हात ताटात तसाच. "नाही गं," म्हणाला. मला त्या क्षणी त्याची भीती वाटली.

परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. संध्याकाळी तो आला आणि चपला न काढता दारातच बसला. आईनं विचारलं, "काय झालं रे?"

"पास केलं."

आई डोळे पुसत साखर शोधायला उठली. दादा हलला नाही. मी शेजारी बसले, तसा तो हळू आवाजात बोलू लागला. हातांनी करायचं ते सगळं बरोबर आलं होतं. मग एका साहेबांनी तोंडी विचारलं, माणूस विजेला चिकटला तर काय कराल? दादा म्हणाला, लाकडानं सोडवीन, हात लावणार नाही. साहेबांनी विचारलं, का?

"मला उत्तर येत होतं गं. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. आणि मी म्हणालो, विटाळ होतो म्हणून."

आत आई साखरेसाठी डबे उघडून बघत होती.

"साहेब हसले. त्यांना थट्टा वाटली. मग मी बरोबर उत्तर दिलं, त्यांनी पास केलं." दादाचे ओठ थरथरत होते. वडील गेल्यापासून मी त्याला असं पाहिलं नव्हतं. त्यानं माझा हात घट्ट धरला.

"मालन, कुणी बोलायला लावलं नव्हतं मला. ते माझ्याच तोंडून निघालं."