बिनबॅटरीची स्कूटर आणि सीताफळाची वीस रोपं

शिरड शहापूरच्या बाहेर आमचा मुरमाड जमिनीचा एक तुकडा आहे. त्याच्या चढावर बायकोनं सीताफळाची वीस रोपं लावली आणि पाण्याचा हौद बांधला खाली, उताराला. ही अक्कल कोणाची, ते मी लिहिणार नाही. मला घरात जेवायचं असतं. भर एप्रिलात रोज संध्याकाळी मी बादल्या वर नेत होतो आणि प्रत्येक बादलीला कंबर नवा आवाज काढत होती. शेवटी ती धरलीच. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी घातली. बायकोचे गुडघे आधीपासूनच संपावर. चार दिवस रोपं कोरडी राहिली. पाचव्या दिवशी बायको हौदाच्या काठावर बसली आणि म्हणाली, "राहू द्या आता. जगतील त्यायच्या नशिबानं. आपून दोघं बी थकलो."

ती भांडते तेव्हा मला काही वाटत नाही. त्या दिवशी ती भांडली नाही, म्हणून मी घाबरलो.

घरात फवारणीच्या जुन्या पंपाची मोटार पडून होती. तिची बॅटरी मेली होती, मोटार शाबूत. मोटार बारा व्होल्टची आणि माझी तीस वर्षांची स्कूटरही बारा व्होल्टची. स्कूटरच्या बॅटरीवर मोटार चालवायची, नळी वर न्यायची, बादलीची कटकट संपली! मी हेडलाइटच्या वायरींना मोटारीच्या वायरी पिळल्या. शेजारच्या शेतातल्या दोघांना मुद्दाम बोलावलं, कारण प्रेक्षक नसले तर मला साधा स्क्रूसुद्धा पिळता येत नाही. स्कूटर आडवी केली, सरळ केली, किक मारली. मोटार नुसती थरथरली. फिरायचं नाव नाही.

"मास्तर," त्यातला एक म्हणाला, "इला हिव भरून राहिलं. गोधडी टाका."

दुसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा आवळून त्याच स्कूटरवर हिंगोली गाठली. डेपोमागे स्कूटर दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बॅटरी किधर है?"

मी रुबाबात बाजूचं झाकण उघडलं. आत एक फडकं होतं.

"पण चाचा, हॉर्न वाजतो की! लाइट लागते!"

"वो सब डायरेक्ट इंजिनपर. हा करंट घडीत इकडं पळतो, घडीत तिकडं. तुमच्या मोटारीला एकाच बाजूनं जाणारा पाहिजे. ती बिचारी जाऊ म्हणते, हा मागं ओढतो." मग ते पोट धरून हसले. "तीस साल चलाये, बॅटरी नै इतना मालूम नै? बीवी का नाम तो मालूम है ना, मास्तर?"

त्यांनी मध्ये करंट एका दिशेला वळवणारा छोटा रेक्टिफायर बसवला, सगळा करंट मोटारीलाच मिळावा म्हणून हेडलाइटची जोडणी तोडली आणि बजावलं, "रेस धरून ठेवायची. सोडली की पाणी बंद."

म्हणजे खाली एक माणूस आणि वर एक. संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "चल."

"म्या बोलले न, राहू द्या म्हणून."

"काही उचलायचं न्हाई. नुसतं बसायचं हाय."

ती साडी आवरून स्कूटरवर पुढे बसली, आयुष्यात पहिल्यांदा. मी किक मारली, तिनं मूठ पिळली. नळीतून करंगळीएवढी धार आली. मी एकेका रोपाशी उभा राहत वर सरकत होतो. कंबर ठणकत होती, धुरानं खाली तिला खोकला येत होता.

"झालं का?"

"बारा झाली!"

वरच्या ओळीतल्या दोन रोपांची साल नखानं खरवडली. आत हिरवं काही नव्हतं.

"दोन गेली गं!" मी ओरडलो. "बाकीची झाली. बंद कर."

इंजिनाचा आवाज कमी झाला नाही.

"त्या दोघायला बी पाजा," ती खालून म्हणाली. "म्या बसले हितं."