तिसरी टाचणी

शिंपीण पुन्हा आजारी पडली तर? हा प्रश्न ताईंच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. घरी स्वतःची लेक शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली तरी ताईंचा जीव टांगणीला लागायचा. अशा बाईनं समाजसेविकेची नोकरी वीस वर्षं कशी केली, याचं त्यांच्या नवऱ्याला अजून नवल वाटे.

गेल्या वर्षी शिंपिणीचं मन असं खचलं, की तिनं अंथरूण धरलं ते धरलंच. तिच्या लेकीला, अकरा वर्षांच्या भिंगरीला, बालगृहात ठेवावं लागलं. आता औषधं लागू पडली होती, दुकान चालू होतं. भिंगरी परत कुठे यायची, ते सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. शिंपिणीला ती दुकानामागच्या आपल्या खोलीत हवी होती. ताईंनी मात्र अहवालात लिहून पाठवलं होतं, की मायलेकींनी मामाकडे राहावं.

बैठकीआधीच्या शेवटच्या भेटीला ताई आल्या, तेव्हा भिंगरीही दिवसभरासाठी घरी आली होती. भिंतीवर मापाची जुनी टेप टांगलेली. दर महिन्याला घर कुठवर सावरलं, ते तिघींनी शून्य ते दहामध्ये एकेक टाचणी टोचून सांगायचं. सुरुवातीला ताई आधी टोचायच्या आणि शिंपीण मुकाट्यानं त्यांच्याशेजारी. तीन महिने दोघींचं अगदी एकमत! शेवटी भिंगरीच म्हणाली, "आई, तू ताईंची कॉपी करतेस. शाळेत असतीस तर बाकावर उभं केलं असतं." ताई ओशाळल्या. तेव्हापासून त्यांची टाचणी शेवटची.

आज शिंपिणीनं सातावर टोचली, भिंगरीनं नऊवर, ताईंनी चारावर.

"चार?" शिंपिणीनं कमरेवर हात ठेवले. "ताई, मापात एवढी कंजुषी केली तर गिऱ्हाईक श्वास कुठून घेणार?"

"तुम्ही परत आजारी पडलात तर?"

"पडेन की! म्हणून तर बंदोबस्त केलाय. नऊपर्यंत शटर वर गेलं नाही, की शेजारचा किल्लीवाला दार ठोठावणार. मी उठले नाही, तर भावाला फोन. भाऊ मला दवाखान्यात नेणार, आणि तेवढ्यापुरती भिंगरी त्याच्याकडे."

"किल्लीवाला विसरला तर?"

भिंगरी फिसकन हसली. "आईनं मंगळवारी मुद्दाम शटर उघडलंच नाही!"

"नऊ वाजून पाच मिनिटांनी ठोठावलं," शिंपीण सांगू लागली. "मी गप्प. सव्वानऊला पठ्ठ्यानं मागच्या दाराचं कुलूपच काढलं, हातचा मळ त्याच्या! साडेनऊला भाऊ हजर, पायांत दोन वेगळ्या चपला. आणि मी आत चहा पीत बसलेली. दोघांनी मला असं झापलं, की विचारू नका!"

हसून हसून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण भावाच्या घरी का नको?"

"भाऊ सोन्यासारखा आहे हो. पण तिथे दूध तापवायचं तरी वहिनीला विचारायचं. पोरीसमोर रोज विचारत बसू?"

अहवाल लिहिण्याआधी हे विचारायचं ताईंना सुचलंच नव्हतं. पावणेपाच वाजले होते. पाचला ऑफिस बंद होणार, आणि अहवाल बदला म्हटल्यावर साहेब तोंडसुख घेणार, हे नक्की.

"साहेबांना फोन लावते. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

"स्पीकरवर लावा!" भिंगरीनं खुर्ची ओढली.

ताईंनी नंबर काढला.