बंद घरांचं पाणी

टाकी रोज रिकामी होत होती आणि गावात माणसंच नव्हती. आता काय डोंबल लिहायचं रिपोर्टमध्ये?

मी पाणीपुरवठ्यात ज्युनियर इंजिनियर आहे. श्रीवर्धनकडचं हे खाडीकाठचं गाव. एकेकाळी इथे मचवे लागायचे, भात-सुपारी भरून मुंबईला जायचे. मग रस्ता झाला, तो खाडीच्या पलीकडून. मचवे बंद पडले आणि माणसं एकेक करून त्याच रस्त्याने निघून गेली. गणपतीत घरं भरतात. एरवी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी म्हातारी माणसं.

साहेब म्हणाले, गळती शोध, नाहीतर पंप बंद करू. गळती ओळखायची रीत साधी आहे. रात्री पाणी कोणी वापरत नाही. तरीही टाकीची पातळी उतरली, तर पाइप फुटलाय. संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडा ठेवून खूण केली, सकाळी पाहिलं. पाणी जागच्या जागी. म्हणजे ते दिवसा, नळानेच जात होतं. कुठला तरी रिसॉर्टवाला टँकर भरत असणार. माझं डोकंच फिरलं.

पंपाच्या ऑपरेटरला पाणी सोडायला लावलं आणि गावातून चालत निघालो. घराला कुलूप, अंगणातला नळ चालू. पुढच्या घरीही तेच. शेवटी यशोदाकाकी सापडल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, एका बंद घराच्या सुपारीला पाणी घालत होत्या.

मी चांगलाच तापलो. त्या घाबरल्या नाहीत.

"झाडं मेली तर गणपतीला तरी कोन येल, सायेब?"

मग हळूच विचारलं, पंप बंद करणार का? त्यांचा मुलगा पनवेलला. त्याने बजावलं होतं, नळ आहे तोवर राहा, पाणी बंद झालं की न्यायला येतो. तिकडे सगळे कामाला जातात. दिवसभर दार लावून एकटीने बसायचं. मला फार वाईट वाटलं.

साहेबांशी हुज्जत घातली. बंद घरांचे नळ काढायचे, पंप निम्माच वेळ चालवायचा, यावर ते कबूल झाले. मी प्लंबर घेऊन गेलो. काकी प्रत्येक घरी मागे मागे आल्या. त्यांच्या घरासमोरचं घर आलं तेव्हा म्हणाल्या, "ह्यो ठेवा."

"इथे कोण राहतं, काकी?"

"कोन न्हाय. पन पानी आलं का कोनाला तरी हाक मारायला लागते."

प्लंबरला म्हटलं, राहू दे. रिपोर्टमध्ये त्या नळाला 'वॉशआउट' लिहिलं, म्हणजे पाइपातला गाळ काढायचा नळ. तो लाइनच्या सखल टोकाला असतो, असा मधोमध कोणी देत नाही. साहेबांनी नकाशा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. टाकी किती माणसांसाठी बांधायची, एवढंच आम्हाला कॉलेजात शिकवतात.

काकी गावातच आहेत. ऑपरेटर सांगतो, पाणी सुटलं की त्यांची हाक टाकीपर्यंत ऐकू येते. ओ अर्थातच कोणी देत नाही.