मुखवटा काढल्यावर
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला मस्तगडातलं ते सायकलचं दुकान आठवतं. तिथं कॉमिक्स भाड्यानं मिळायची आणि दुकानदार फाटकी पानं त्याच सोल्युशननं चिकटवायचा. तिथल्या एका अंकात मुखवटेवाल्या हिरोनं भर चौकात स्वतःच मुखवटा काढला होता, आणि बाकड्यावरची सगळी पोरं भडकली होती. "येडाय का हा? आता दुश्मनाला ह्याचं घर बराबर सापडन," आमच्या घरमालकाचा पोरगा म्हणाला. मी म्हणाले, "बरं केलं. किती दिवस लपून राह्यचं?" तो हसला. "तुला काय कळतं गं? तुमचं आडनाव तरी कधी सांगितलं का तू?" आडनावावरून जात कळायची आणि खोली मिळायची नाही, म्हणून वडील सगळीकडे नुसतं स्वतःचं आणि बापाचं नाव सांगायचे. आम्हालाही तेच शिकवलं होतं. मी अंक बाकड्यावर आपटला आणि माझं पूर्ण नाव, आडनावासकट, ठणकावून सांगितलं. वर म्हणाले, "जयभीमवाले आहोत आम्ही. जा, सांग घरी." त्याच महिन्यात आम्हाला खोली सोडावी लागली. आई माझ्यावर जाम चिडली, पण सामान बांधता बांधता वडील म्हणाले, "नव्या घराला पाटी लावू." पुढच्या अंकात कसल्याशा जादूनं अख्खं शहर हिरोचा चेहरा विसरलं आणि पोरं खूश झाली म्हणे. मी तो अंक हातातसुद्धा घेतला नाही. आमच्या गल्लीत कुणी काही विसरलं नव्हतं, आणि विसरावं असं मला आजही वाटत नाही. माझ्या दारावरच्या पाटीवर नावापेक्षा आडनाव मोठ्या अक्षरात आहे.